खांद्याची ट्रीटमेंट

दोन्ही हातांना खडूची पूड फासायची, टाळी वाजवून जास्तीची झटकायची आणि समोरच्या भिंतीला सांगायचं, "चला, आता मी घरी नाहीये." बाईंची सुरुवात ही अशी ठरलेली. त्यानंतर फोन आला तरी त्या वळून बघायच्या नाहीत. बाकावरच्या पर्समध्ये तो बिचारा वाजून वाजून गप्प व्हायचा.

पुण्यात वाकडला उंच इमारतींच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये ही चढाईची जिम आहे. आत छतापर्यंत गेलेली भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पकडी आणि वरून सोडलेले दोर. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली उभं राहून त्याचा दोर धरायचा. मला डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितला होता आणि ट्रेडमिलचा मला मनापासून कंटाळा, म्हणून मी तिथे जाऊ लागलो. बाकीची आयटीतली पोरं जोडीजोडीने यायची. उरलो आम्ही दोघं, म्हणून बाईंचा दोर माझ्या हाती आला.

त्या एका शाळेत गणित शिकवायच्या, माहेर परभणीकडचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'काका' करून टाकलं. वास्तविक आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं, त्यामुळे थोडं लागलंच. पण परक्या पुरुषाच्या हातात दोर द्यायचा तर आधी त्याचा काका करून घेतलेला बरा, असा तो साधा विचार होता. तो चुकीचा होता असं तुम्हीही म्हणणार नाही.

जमिनीवर त्या शाळेतलं शुद्ध बोलायच्या. वर गेल्या की परभणी बाहेर यायची. "काका, पडायले मी! काय करायलात, झोपलात का?" मग खरंच पडायच्या, दोराला लोंबकळत खदाखदा हसायच्या आणि पुन्हा तिथूनच सुरू. चाळिशीतल्या बाईला इतकं मोठ्याने हसताना मी आमच्या सगळ्या गोतावळ्यात पाहिलेलं नाही.

घरच्यांच्या लेखी मात्र त्या खांद्याच्या ट्रीटमेंटला जात होत्या. खांदा खरंच आखडला होता, डॉक्टरांनी व्यायामही खरंच सांगितला होता. पुढे खांदा सुटला, ट्रीटमेंट सुटली नाही. सासूबाई बिचाऱ्या तेल गरम करून द्यायच्या. नवरा पाण्याची घागर उचलू द्यायचा नाही.

"सरळ सांगून टाका ना," मी एकदा म्हटलं.

"काका, बाईचं काही दुखलं तर घरातले म्हणतात, जा. मजा येते म्हणून जाते म्हटलं, की विचारतात, घरात काय कमी आहे?"

मग जिमची स्पर्धा झाली. पुढे झुकलेल्या अवघड भिंतीवर तरण्या मुली अर्ध्यातून गळाल्या आणि बाई मात्र शेवटच्या पकडीला हात लावून आल्या. मी तर घसा बसेपर्यंत ओरडलो. जिमचा मालक इथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी, मनाचा दिलदार. त्याला राहवलं नाही. आता आपल्याकडे आनंद झाला की तो कुठे जातो, हे तुम्हाला माहीतच आहे. फ्लेक्सवर जातो.

"बाई, चौकातून आला न्हाई का? बगा तरी, लई भारी आलाय फोटू!"

चौकात बाईंचा भला थोरला फोटो लागला होता. कमरेला पट्टे, एक पाय छातीपर्यंत वर, तोंड उघडं. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुक म्हणून मालक आणि त्याचे मित्र, गॉगल लावून. विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. अभिनंदनाला कोण परवानगी मागतं?

बाईंचा नवरा चाकणच्या कंपनीत. कंपनीची बस सिग्नलला थांबली आणि शेजारचा म्हणाला, "साहेब, या वहिनी का?" सिग्नल सुटेपर्यंत अख्खी बस फ्लेक्स वाचत होती.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या खेपेला बाई आल्या त्या नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन. नवरा हसतमुख, सभ्य गृहस्थ. मला म्हणाला, "आम्ही काही जुन्या वळणाचे नाही हो. चढायचं तर चढ, फक्त खोटं नको." यात काय चूक काढणार?

सासूबाईंनी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली. "आणि हे कोण?"

"काका आहेत. माझा दोर धरतात."

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेता?" नवरा म्हणाला. "द्या, मी धरतो."

मालकाने त्याला शिकवलं आणि स्वतः मागे दोराचं टोक धरून उभा राहिला. मी बाजूला झालो. बाई चढू लागल्या. त्या दिवशी टाळी नाही, भिंतीशी बोलणं नाही.

चढणाऱ्याच्या हालचालीपुरता दोर थोडा सैल सोडावा लागतो. नवऱ्याने तो असा ताणून धरला की बाईंना बाजूच्या पकडीकडे झुकताच येईना.

"थोडा ढिला सोडा."

"पडशील."

"पडू द्या ना, दोर आहे."

"आधीच खांद्याचं दुखणं," सासूबाई खालून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती.

बाई तिथेच थांबल्या, हात लांब करून पाहिला, मग म्हणाल्या, "उतरवा." खाली आल्यावर त्यांनी गाठ सोडली आणि कुणाकडेही न बघता बूट बदलले. पुन्हा त्या आल्या नाहीत.

मला त्या माणसाचा राग येतो. तो का येतो, हे मात्र मला कुणाला पटवून देता येत नाही. बायकोला सांगून पाहिलं, ती म्हणाली, "किती समजूतदार आहेत ते!"

मध्यंतरी मंडईत दोघं भेटली. त्याने मला लांबूनच ओळखलं. मी विचारायच्या आतच म्हणाला, "तिनेच सोडलं हो काका. आम्ही कधी नाही म्हटलं? मी तर स्वतः दोर धरायला उभा होतो."

बाई शेजारीच वांगी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.