अण्णांनी न फिरवलेला हेंडगा

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे पडले, तरी कुठला तपास अजून मनातून जात नाही असं कुणी विचारलं, की मला आळंद तालुक्यातली एक जळालेली कडब्याची गंजी डोळ्यांसमोर येते. त्यात माणूस दगावला नव्हता. पण त्या आठवड्यात माझी जी झोप उडाली आणि शेवटी जे हायसं वाटलं, तसं पुढे कुठल्याच प्रकरणात वाटलं नाही.

पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट गेली होती. ठाण्यातली तिची भाषा मात्र जागची हलली नव्हती. फिर्याद उर्दूत, रोजनामचा उर्दूत, आणि माझी नेमणूक फौजदार म्हणून असली तरी लोकांच्या तोंडी मी अमीनसाब. त्यात पहिली निवडणूक तोंडावर आलेली. जीपला कर्णे बांधून माणसं गावोगाव धुरळा उडवीत होती, आणि बंदोबस्त करता करता माझे शिपाई मेटाकुटीला आले होते.

त्या उमेदवारांपैकी एकाला लोक अण्णा म्हणत. मीही तेवढंच म्हणतो, नाव सांगत नाही. खजुरीच्या वाटेवरच्या गावात त्यांची मोठी शेती. शिकलेला, बोलायला गोड, खादीची टोपी कधी वाकडी न होणारा माणूस. त्या साली चाऱ्याची टंचाई होती, म्हणून अण्णांनी येळवशीच्या हेंडग्याविरुद्ध आघाडी उघडली होती.

माझं गाव गोदाकाठचं. आमच्याकडे येळवस नाही, म्हणून मला ती जमादाराने समजावून सांगितली होती. थंडीतल्या अमावास्येला या भागातली झाडून सगळी माणसं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभारून आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात, भज्जी-आंबिलीचं जेवण होतं, आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. दिवस कलला की पेंढीचा पलिता पेटवून शेताचा मालक तो घेऊन चारही बांधांवरून पळतो. पिकाची इडापिडा जावी म्हणून. तोच हेंडगा. अण्णा सभेत सांगत, “चारा जनावराच्या पोटात गेला पाहिजे, आगीत नव्हे. यंदा माझ्या वावरात हेंडगा फिरणार नाही!” टाळ्या पडत. बोलणं चुकीचं नव्हतं, हेही मी कबूल करतो.

येळवशीच्या संध्याकाळी अण्णांच्याच शेताच्या बांधालगतची गंजी पेटली, वाऱ्याने आग शेजारच्या दोघांच्या गंज्यांवर गेली आणि ऐन टंचाईत तीन घरांचा चारा राख झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा एक कार्यकर्ता ठाण्यात आला. आग लागली तेव्हा गावातला नालबंद गंजीजवळून पळताना आपण पाहिला, असं त्याने सांगितलं. दुपारच्या सभेत अण्णांनी त्यावर कळस चढवला. म्हणाले, “जुन्या राजवटीचे हस्तक आपल्या शेतकऱ्याचा चारा जाळायलेत!”

नालबंद म्हणजे बैलांना नाल ठोकणारा. हा मुसलमान माणूस पंचक्रोशीतल्या प्रत्येक गोठ्यात येणारा-जाणारा, जुन्या राजवटीशी त्याचा संबंध एवढाच की तिच्यातही तो बैलांनाच नाल ठोकत होता. पण त्या काळात हस्तक हा शब्द कुणाला चिकटला, की पुढचं सांगायला नको. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरावर दगड पडले. मी त्याला अटक केली ती निम्मी संशयावरून आणि निम्मी त्याचा जीव वाचावा म्हणून.

त्याचे दोन्ही तळहात भाजलेले होते. आता याला आणखी काय पुरावा हवा, असं माझ्या शिपायांना वाटलं. मी विचारलं, “हात कसे भाजले?”

“बैलां बंधे थे साब, गंजी के बाजू में. रस्सी काट्या.”

“गंजी कुणी पेटवली?”

पुन्हा विचारलं, आवाज चढवला, तरी एकच उत्तर. “मेरेकू मालूम नै.” खोटं बोलणारा माणूस सहसा खूप बोलतो, हा माझा अनुभव. हा तर बोलायलाच तयार नव्हता. बाहेर त्याची बायको बसली होती. ती म्हणाली, नवऱ्याला सोडलं नाही तर लेकरं घेऊन सोलापूरला भावाकडे जाते, या गावात आता राहवत नाही. तिच्याजवळ बोचकं बांधलेलं होतं.

मी जमादाराला घेऊन शेतावर गेलो. बैलांची दावी खुंट्याला तशीच लोंबत होती, आणि टोकं धारदार हत्याराने कापलेली. नालबंदाच्या पिशवीत खूर तासायची सुरी असते. दुसऱ्याचा चारा पेटवणारा माणूस आगीत शिरून त्याचेच बैल का सोडवील? कटाची गोष्ट तिथेच डळमळली.

मग जमादार म्हणाला, “साहेब, ह्यो बांध बघा.”

बांधावर थोड्या थोड्या अंतराने जळकी चिपाडं पडली होती, काळी, अर्धवट. मी चालत निघालो. पहिला बांध, दुसरा, तिसरा. चौथ्या बांधावर निम्म्यात ती थांबली होती, आणि जिथे थांबली होती तिथून गंजी हाताच्या अंतरावर होती.

“आग लावनारा मानूस आदी वावराला फेरी कामून मारंल, साहेब?” जमादार म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. माझ्या तोंडून यावं, एवढीच त्याची इच्छा होती. मोठ्या माणसाचं नाव घ्यायची वेळ आली की सगळेच जमादार असे नम्र होतात.

कोपी अजून उभी होती आणि आत एक म्हातारी आंबिलीचं मडकं धूत होती. त्या अण्णांच्या आई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. मी सहज विचारावं तसं विचारलं, “अव्वा, यंदा तुमच्या वावरात हेंडगा फिरला नाही म्हणे?”

त्यांनी मडकं खाली ठेवलं. “कोन म्हन्तंय? माझ्या लेकानं फिरवला की! नको नको म्हनायला होता. म्या म्हनले, तुझं भाषन तिकडं आळंदला ठेव, वावर माझं हाय. चांगला पळला. तीन बांध म्या डोळ्यानं बघितले, मंग गाडीत बसून घरला गेले.”

केवढा अभिमान होता त्या आवाजात! पण पुढचं सांगणं भाग होतं. “अव्वा, गंजी पेटवली म्हणून नालबंदाला हवालातीत टाकलंय.”

“तेला? तेनं तर हितंच जेवलाय, ह्या कोपीत.” त्या गंजीच्या राखेकडे बघायला लागल्या. मग पदराने हात पुसून म्हणाल्या, “अमीनसाब, कागदावर अंगठा कुठं लावू ते सांगा.”

त्यांचा जबाब घेऊन मी अण्णांच्या बैठकीत गेलो. माणसांनी खोली गच्च भरलेली. एकांतात बोलायचंय म्हटलं तर अण्णा हसून म्हणाले, “माझं काहीच खाजगी नसतं साहेब, बोला.” मी ओळखलं, इथे हा माणूस हरणार नाही. पुरवणी पंचनाम्याला मालक हजर लागतो, असं सांगून मी त्यांना एकट्याला शेतावर नेलं आणि एक शब्द न बोलता बांधावरून चालवलं. उजवा हात त्यांनी उपरण्यात गुंडाळला होता. तिसऱ्या बांधावर त्यांची चाल मंदावली. चौथ्यावर ते खालीच बसले.

“चटका बसला, हातातून सुटला,” ते हळूच म्हणाले. “विझवायला गेलो, वारं फिरलं.”

“मग हे सांगत का नाही? हा अपघात आहे. कायदा तुम्हाला खाणार नाही.”

“कायद्याचं भ्या न्हाई, साहेब.” भाषणातली मराठी सुटून अण्णा आता घरची बोलायला लागले होते. “लोकं म्हनतील, भाषन एक आन् करनी एक.”

“ते खरंच आहे की.”

“खरं हाय म्हनून तर म्हनू द्यायचं न्हाई.”

मला राग आला, अगदी मनापासून आला. मी म्हणालो, “एक माणूस हात भाजून तुमचे बैल वाचवतो, तुमच्याच पायी हवालातीत पडतो, त्याची बायको गाव सोडायला निघते, आणि तुम्हाला टाळ्यांची पडलीय?” अण्णांनी जबाबावर सही केली नाही. मात्र गावात शिरताना टोपी नीट केली आणि समोरून येणाऱ्याला हसून नमस्कार घातला.

सहीवाचून अडलं नाही. पंचनामा, कापलेली दावी आणि अव्वांचा अंगठा एवढ्यावर मी कोर्टात अहवाल दिला आणि नालबंद सुटला. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना बायकोने त्याचे हात आपल्या हातात घेतले आणि तिथेच बोचकं सोडून त्यातली भाकरी त्याला भरवली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. जमादाराने तोंड फिरवलं, बहुतेक त्याचेही डोळे भरले असावेत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अण्णांची सभा झाली. बंदोबस्ताला मीच होतो. अण्णा म्हणाले, “एका निरपराध माणसावर गैरसमजातून संशय आला. मी स्वतः जातीने लक्ष घालून पोलिसांना सत्य शोधायला लावलं!” टाळ्या. नालबंदाला मंचावर बोलावून हार घातला. शेजाऱ्यांना आपल्या दुसऱ्या गंजीतला चारा दिला, तो दान म्हणून. पुन्हा टाळ्या. मला हसावं की रडावं कळेना. कुठल्या वाटेने का होईना, घरावरचे दगड थांबले, लेकरं सोलापूरला गेली नाहीत. त्या दिवशी मला तेवढं पुरलं.

सभेनंतर मी नालबंदाला गाठलं. “तू पाहिलं होतंस ना?”

“देख्या था साब,” तो म्हणाला. “मैं बोल्या तो कौन मानता? मेरेकू घर जाने मिल्या, बस.”

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ पुढारी पाहिले. चूक कबूल करणं त्यांना का जमत नाही, यावर लोक म्हणतात, ती माणसंच निर्ढावलेली असतात. मला तसं वाटत नाही. अण्णांना लाज होती, मी ती चौथ्या बांधावर पाहिली आहे. पण ज्याने आपण कधी चुकत नाही असं सांगून माणसं गोळा केली, त्याला त्यांच्यासमोर चुकायची सोय उरत नाही. मग आपली चूक तो दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, आणि ती झेलायला नेहमी असाच कुणीतरी असतो ज्याचं म्हणणं कुणी मानणार नाही. तपास करणाऱ्याने तो दुसरा माणूस आधी सांभाळावा. पुढाऱ्याचा कबुलीजबाब मिळाला तर मिळाला.

माझी बदली व्हायच्या सुमारास मी त्या वाटेने जात होतो. अण्णांच्या शेतात नाल ठोकायला बैल आडवा पाडला होता, आगीतून सोडवलेल्या बैलांपैकीच एक. असा बैल दाबून धरायचं काम गड्याचं. त्या दिवशी गडी नव्हता, कार्यकर्तेही नव्हते. अण्णा स्वतः गुडघे टेकून मातीत बसले होते, टोपी बांधावर काढून ठेवलेली, दोन्ही हातांनी शिंगं धरलेली. नालबंद खुरावर वाकला होता. त्याच्या तळहातांवर व्रण होते, आणि अण्णांच्या उजव्या हातावरही एक होता. मी लांबच थांबलो.

मग नालबंदाने हातोडी उचलली आणि मान वर न करता म्हणाला, “अण्णा, बराबर पकडो. छोड्या तो मेरे हाथ पे लगता.”

अण्णा म्हणाले, “न्हाई सोडत. ह्या टायमाला न्हाई सोडत.”