बँडसाठी सोयरीक

नानांनी जुळवलेल्या लग्नांपैकी एकही लग्न त्यांनी नवरा-नवरीसाठी जुळवलं नाही. सगळी बँडसाठी जुळवली. हे मी स्पष्टच लिहिते, कारण नानांच्या माघारी लोक हळवे होऊन सांगतात, "काय निरपेक्ष माणूस होता हो, मध्यस्थीचा साधा टॉवेलसुद्धा घेतला नाही कधी!" आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं. टॉवेल कशाला घेतील? त्यांची अट एकच असायची. बँड 'न्यू प्रभात'चाच लागेल.

नाना राहात्याजवळच्या आमच्या गावातले पेरूवाले शेतकरी. बाग चांगली, मुलं हाताशी आलेली, डोक्याला कसला ताप नाही. म्हणून हा ताप त्यांनी स्वतः लावून घेतला होता. लोक स्थळ बघताना पत्रिका बघतात, जमीन बघतात, हल्ली तर मुलाला सरकारी नोकरी आहे का एवढंच बघतात. नाना मुलाच्या घरापासून मारुतीचं देऊळ किती लांब आहे ते बघायचे. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तोच बँडचा खरा वेळ. "स्थळ लई भारी हाय," ते मुलीच्या बापाला सांगायचे, "घर पार मळ्यात. मारुतीपातूर धा-बारा गानी आरामात बसत्यात." आमच्या आळीत एक पदवीधर, निर्व्यसनी मुलगा अगदी देवळाला लागून राहायचा. त्याच्या वडलांनी नानांचे पाय धरले. नाना कळवळून म्हणाले, "पोरगं सोन्यावानी हाय वो. पर तुमी घर चुकीच्या जागी बांधलं."

बरं, बँड तरी ऐकण्यासारखा असावा! दानियल मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. सज्जन, मितभाषी माणूस, रविवारी चर्चमध्ये पेटीवर असायचा. पण क्लॅरिनेटचा सूर वर चढू लागला की एका ठिकाणी हमखास फाटायचा. ट्रम्पेटवाला आपल्या वेगाने पुढे निघून जायचा आणि गाणं संपवून बाकीच्यांची वाट बघत उभा राहायचा. ढोलवाला त्या दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी या विचारात असायचा. आणि या सगळ्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, नाना उलटे चालत असायचे, काही निसटू नये म्हणून. असे उलटे चालत ते एकदा मांडवाचा खांब घेऊन खाली आले होते. नवरीचे मामा ओरडत होते आणि नाना कनातीखालून सांगत होते, "वाजवा मास्तर, थांबू नका!"

मी एकदा तोंडावरच म्हटलं, "नाना, हा बँड वाईट वाजवतो."

"व्हय की," नाना म्हणाले.

"मग?"

"अगं पुढारीणबाई, चांगल्या बँडला आपली काय गरज? तिथं आपन नुसतं गिऱ्हाईक. हितं मास्तर वर चढाया लागला की मी श्वास धरून ऱ्हातो. नातू पैल्यांदा सायकलीवर बसावा आन आपन मागं पळावं, तसं हुतं. आपन न्हाई पळालो तर पडंल ना त्यो!"

"तो रोज पडतोच आहे."

"म्हनून तर रोज जावं लागतं."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या समाजसुधारणेच्या संघटनेतर्फे पत्रक काढलं. वरच्या अर्ध्या भागात डीजेच्या भिंतींनी म्हाताऱ्यांची छाती आणि पोरांचे कान कसे जातात ते लिहिलं. खालच्या अर्ध्या भागात बँड, घोडा, मिरवणूक, आहेर हे सगळंच बंद करून नोंदणी पद्धतीने लग्न करा, असं ठणकावलं. नानांनी गठ्ठा मागून घेतला तेव्हा मला वाटलं, माणूस बदलला! आठवड्याच्या बाजारात पाहते तर लोकांच्या हातात अर्धीच पत्रकं.

"खालचा मजकूर कुठे गेला?"

"कातरला," नाना शांतपणे म्हणाले. "लोकं येवढं वाचत न्हाईत पोरी. वरचं मातर लई झ्याक लिवलंय."

पण डीजे हटला नाही. एका उन्हाळ्यात मास्तरांनी सांगून टाकलं की हा शेवटचा सीझन. पोरं साखर कारखान्यावर जायला निघाली होती, स्वतः मास्तरांना एका शाळेत रखवालदारी मिळत होती. सुपाऱ्या आल्या तर थांबू, नाही तर बाजा मोडला. नानांचं जेवण सुटलं. दिसेल त्याचं लग्न लावायचा त्यांनी सपाटा लावला. विधुर, वयस्कर, शिकत असलेले, कुणाला म्हणून सोडलं नाही. कोपरगावच्या एका ब्रह्मचारी बुवांनाही ते स्थळ घेऊन भेटून आले. शेवटी माझ्या दारात उभे राहिले, कारण संघटनेतल्याच एका कार्यकर्त्याशी माझं ठरलं होतं.

"माझं लग्न नगरला नोंदणी कार्यालयात आहे," मी सांगितलं. "बँड नाही. मी पत्रक काढलंय."

"न्हाई वाजवायचे. नुसते उभे ऱ्हातील."

"कशाला?"

"बँड हाय म्हनलं की उभं तरी ऱ्हायाला पायजे कुटंतरी. न्हाईतर त्यो बँड कसला?" एवढं बोलून हा धिप्पाड माणूस माझ्या उंबऱ्यावर बसला आणि डोळे पुसू लागला. मी म्हटलं, या. पण एक सूर जरी निघाला तर तिथल्या तिथे लग्न मोडेन.

आले. लाल कोट, सोनेरी झालरी, पिसाच्या टोप्या. कार्यालयातले साहेब म्हणाले, "हे कोण?" नाना म्हणाले, "साक्षीदार." तीन लागतातच. मास्तर, ट्रम्पेटवाला आणि ढोलवाला यांनी ओळीने सह्या केल्या. मग आम्ही एसटी स्टँडकडे निघालो आणि ते आमच्या मागून. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं होतं, बोटं चालत होती, आवाज नाही. ढोलवाल्याचे हात चामड्याच्या वीतभर वर थांबत होते. नाना पुढे उलटे चालत होते आणि कान देऊन ऐकत होते. दुकानदार बाहेर आले, रिक्षा थांबल्या, सगळा रस्ता चिडीचूप झाला. एका वळणावर नानांनी हात वर करून श्वास रोखला. सांगायला संताप येतो, पण मीही रोखला.

ते कुणीतरी मोबाईलवर काढलं आणि गावोगाव फिरलं. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही. दवाखान्याजवळ राहणाऱ्यांनी, बारावीची पोरं असलेल्यांनी, समाजसुधारक दिसायची हौस असलेल्या पुढाऱ्यांनी 'न्यू प्रभात'ला न वाजवण्याच्या सुपाऱ्या दिल्या. कारखान्यावर जायला निघालेली पोरं थांबली, मास्तरांनी रखवालदारी नाकारली, नवे कोट शिवले. बँड वाचला! माझ्या पत्रकाचा खालचा अर्धा भाग असा अर्धाच का होईना अमलात आला. आणि नानांनी लग्नांना जाणं सोडलं.

मी बागेत जाऊन विचारलं, "आता काय बिघडलं? तुमचाच तर बँड आहे."

नाना पेरूच्या फांदीला टेकू लावत होते. "लई झ्याक चाललंय त्येंचं," ते म्हणाले. "आता चुकतच न्हाईत. कशावर चुकतील? मागं पळायाला आता काय बी न्हाई बघ."

काही दिवसांनी आम्ही आमचं कलापथक उभं केलं. चौकाचौकांत प्रबोधनाची गाणी म्हणायचो. मी मुख्य गायिका, आणि माझे यजमान डफावर. पहिल्याच कार्यक्रमाला नाना पुढच्या रांगेत. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला मी वरच्या पट्टीत गेले आणि पाहिलं, तर नानांनी श्वास रोखला होता. त्यांच्या येण्याचा अर्थ मला लख्ख कळला, आणि असा अपमान माझा कुणी विरोधकानेही केला नव्हता.

तरी त्यांनी एकही कार्यक्रम चुकवला नाही. खर्ड्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भर उन्हात गाडीमागून गाडी बदलत आले. तोवर ते थकले होते, काठी लागली होती. दुसऱ्या गाण्याला माणसं भाजीच्या पालांकडे पांगली. नाना तेवढे उरले. मी डफ थांबवायला लावला आणि भर बाजारात विचारलं, "नाना, खरं सांगा. आम्ही वाईट गातो म्हणूनच येता ना?"

नानांनी थोडा विचार केला. लबाड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"येवड्यात सुधारू नगा पोरी," ते म्हणाले. "आता माज्याच्यानं दुसरं काय शोधनं व्हायाचं न्हाई."

त्या पावसाळ्यात नाना गेले. अलीकडे राहात्याचे एक संगीत शिक्षक आमच्या पथकाला फुकट शिकवायला तयार आहेत, असा सारखा निरोप येतो. मी प्रत्येक वेळी नकार कळवते. कार्यकर्ते कारण विचारतात. संघटनेचं धोरण आहे, एवढंच मी सांगते.