बुंदीच्या बादलीतले निवेदन

आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष भाऊ यांनी हयातीत एकाही आमदाराला हार घातला नाही. कामरगावात ही गोष्ट सोपी नाही. इथे पुढाऱ्याची गाडी थांबायच्या आत हार तयार असतो, आणि ऐन वेळी पुढारी बदलला तरी हार तोच चालतो. भाऊ म्हणत, "हार घालतानी साहेब फोटोवाल्याकडं पाह्यते. ज्याले आपल्याकडं पाहाचंच नाही, त्याच्या गळ्यात फुलं कायले घालाचे?"

मी त्या पतसंस्थेचा व्यवस्थापक. त्या वर्षी वरून एक प्रस्ताव आला : खेड्यांतल्या छोट्या पतसंस्था तालुक्याच्या मोठ्या संस्थेत विलीन कराव्यात. म्हणजे आमची खिडकी बंद, आणि सभासदांनी जीपला लोंबकळत कारंजा हे तालुक्याचे गाव गाठायचे. आमच्या पार्वताबाई सत्तरीच्या पुढच्या. दर सोमवारी खिडकीशी येऊन अंगठा द्यायच्या आणि मग बाकावर बसून तासभर माझ्या कामावर देखरेख करायच्या. "हिले कारंजाले कोन वळखन?" हा भाऊंचा एकमेव मुद्दा. प्रस्तावात त्याचे उत्तर नव्हते.

मी चार पानांचे निवेदन लिहिले. त्यात पोटकलमे होती आणि 'सहकाराचा आत्मा' हा शब्दप्रयोग तीनदा आला होता. भाऊंनी ते शेवटपर्यंत ऐकले. "लई मस्त लिवलं, मॅनेजर. आता हे कोनाले वाचाले लावू नको." तरी आम्ही ते आमदारसाहेबांना रीतसर दिले. पंधरा दिवसांनी साहेबांची गाडी बसस्टँडवर उभी दिसली. पुढच्या सीटवर स्वीय सहायकाचा जेवणाचा डबा होता आणि डब्याखाली सहकाराचा आत्मा होता. मला वाईट वाटले. भाऊंना नाही. "डब्याचं तेल सीटले लागलं नाही ना? मंग झालं. कागद कामी आला."

त्यानंतर दोन दिवस भाऊ एकच विचार करत होते : आमदार एका जागी स्थिर कुठे असतो? सभेत तो घड्याळ पाहतो, कार्यालयात फोन घेतो. तिसऱ्या दिवशी ते खिडकीतून आत डोकावून म्हणाले, "पंगतीत. शेजारच्याचं होयेपर्यंत पंगतीतून कोनी उठत नाही. आमदारही नाही."

साहेब मतदारसंघातले एकही लग्न चुकवत नसत. आमच्या एका सभासदाच्या मुलीच्या लग्नात भाऊंनी वाढायला आठ सभासद उभे केले आणि सांगितले, वाढता वाढता साहेबांशी बोला. काय बोला हे सांगायचे राहिले. पोळीवाला विजेच्या रोहित्राबद्दल बोलला, भाजीवाल्याने पुतण्याच्या बदलीचे सांगितले, आणि बाकीच्यांनी बसस्टँडवरच्या उन्हाचा विषय लावून धरला. दोन महिन्यांत गावाला एक सुबक प्रवासी निवारा मिळाला. पतसंस्थेचा विषय होता तिथेच राहिला.

"चूक माही हाय," भाऊ निवाऱ्यात बसूनच म्हणाले. "आठ जणाइनं तीन गोष्टी सांगतल्या. आठ जणाइनं एक सांगाले पायजे होती."

पुढच्या लग्नाआधी पतसंस्थेत तालीम झाली. रिकाम्या बादल्या, रिकामी ओगराळी, आणि आमदार म्हणून खाली बसलेला मी. प्रत्येकाने एक जिन्नस वाढायचा आणि खिडकी बंद झाली तर आपले काय होईल हे एका वाक्यात सांगायचे. साहेबांनी उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. पार्वताबाईंकडे बुंदी होती. तालमीत त्यांनी मला इतकी बुंदी वाढली की शेवटी मी खरोखरच "पुरे" म्हणालो.

"आमदार असा लवकर पुरे म्हनत नाही," त्यांनी मला सुनावले.

लग्नात साहेब बसले. पहिला आला. "साहेब, खिडकी बंद झाली तं माहा अर्धा दिवस जीपमंदी जाईन. पोळी?" साहेब म्हणाले, "पाहू." उत्तर पक्के नव्हते, म्हणून तो तिथेच उभा राहिला आणि पोळ्या वाढत राहिला. मागे भाजी, वरण, भात, मठ्ठा अशी रांग तुंबली. ज्याला जागा मिळेल तसा तो वाकून वाढत होता. साहेबांना ताट दिसेना. सगळ्यात शेवटी पार्वताबाई आल्या. "साहेब, मले इथी समदे वळखते. तिथी मले कोन वळखन?" आणि उत्तराची वाट पाहत त्यांनी बुंदीचे ओगराळे उपडे केले. मग दुसरे.

तिसऱ्याला साहेबांनी दोन्ही हात ताटावर धरले. "भाऊ, तुमचं काम करतो. पन या बाईले थांबवा."

भाऊ शांतपणे म्हणाले, "पार्वताबाई, साहेबाइले पापड द्या."

हिवाळी अधिवेशनात साहेब खरेच बोलले. आम्ही सगळे खिडकीशी जमून ते मोबाइलवर पाहिले. माझ्या चार पानांतला एकही शब्द त्यांच्या भाषणात नव्हता. "आमच्या म्हाताऱ्या आजीबाईला तालुक्याला ओळखणार कोण?" एवढेच त्यांनी विचारले, आणि पोटावरून हात फिरवला. तो हात कशासाठी हे सभागृहाला कळले नसावे. प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला आणि अजून आलेला नाही. भाऊंनी मला अभिनंदनाचे पत्र लिहू दिले नाही. "सोमवारी इथी बाकावर येऊन बसा म्हनाव." साहेब आले, पार्वताबाईंशेजारी बसले, आणि माझ्या कामावर दोघांनी मिळून देखरेख केली.

मागच्या वर्षी भाऊ गेले. झोपेतच गेले, कुणाला भाषणाची संधी न देता. तेरवीला साहेब आले. फोटोला हार घातला आणि पंगतीत बसले. बादली घेऊन पार्वताबाई समोर आल्या, तसे त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले.

"आधी सांगा, काम काय हाय?"

पार्वताबाईंनी ओगराळे बादलीच्या काठावर टेकवले. मागची रांग थांबली.

"काही नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आज नुसतं जेवा."

साहेबांनी हात बाजूला घेतले. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा बुंदी घेतली.