गंमत एकदाच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुनेच्या कॉम्प्युटरसमोर बसून आमचं न बांधलेलं घर बघणं. चंद्रा, माझी बायको, खुर्चीत बसली होती. मी तिच्या पायाशी पाटावर.

सून वैशाली. घरं बांधायच्या आधी ती कशी दिसतील त्याची चित्रं करते, मुंबईच्या बिल्डरांसाठी. सासू आजारी पडली म्हणून मशीन घेऊन इथं पोलादपूरला आली. चंद्राचं हृदय थकलं होतं. नवं घर होईपर्यंत आपण राहत नाही, हे डॉक्टरच्या आधी तिनंच सांगितलं. सुनेला म्हणाली, "मला चित्रात दाव गो. पन हाय तसं दाव."

"हाय तसं दाव" हे तिचं नेहमीचं. एकदा महाडच्या फोटोवाल्यानं तिला गोरी करून दिली. चंद्रा चांगली काळीसावळी. तिनं फोटो त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ही ह्यांची दुसरी बायको का रे? मग ह्यांनाच दे." मी हसलो, तर बाहेर आल्यावर मलाही बोलणी बसली. कपडे ती सावलीतच वाळत घालायची. ऊन रंग खातं, म्हणायची. मला ते खूळ वाटायचं. भांडायला आता कोणी नाही.

वैशालीचं पहिलं चित्र काळोखं आलं.

चंद्रा म्हणाली, "घरात दिवा लावायला कोन नाय का?"

"उजेड बरोबर हाय, आई," सून म्हणाली. आमच्यात राहून तीही 'हाय' म्हणायला लागली होती. "मशीन उजेड खरा मोजतं. पण स्क्रीनवर तो दबून दिसतो. म्हणून सगळं झाल्यावर शेवटी एकदा उजळायचं. त्याला गॅमा म्हणतात."

"गंमत?"

"गॅमा."

"त्येच. लाव तुजी गंमत."

तिनं लावली. ओटा दिसला, मागचं दार दिसलं, दाराबाहेर दोरी. दोरीवर चंद्राचं हिरवं लुगडं. वैशालीनं खऱ्या लुगड्याचा फोटो काढून चित्रात टाकला होता. घर छान दिसत होतं. लुगडं मात्र पार विटकं.

चंद्रा पुढं वाकली. "ह्ये माजं नाय. राखेत धुतलंय कुनी?"

वैशालीनं जीभ चावली. "चुकलं माझं. फोटो मुळात उजळलेलाच असतो. आधी ती गंमत काढून मग आत घ्यायचा. मी तसाच घेतला, वर शेवटची लागलीच. दोनदा झाली."

"दोनदा कशाला? गंमत एकदाच करायची. दुसऱ्यांदा केली की त्येला चावटपना म्हंत्यात. विचार तुज्या सासऱ्याला."

सून हसून लाल झाली. मशीनला पुन्हा चित्र काढायला वेळ लागतो. म्हणाली, "उद्या करते, आई."

"कर. रंग नीट बघून ठेव. जाताना ह्येच नेसनार हाय मी."

"गप गो," मी म्हणालो. तिच्याशी नीट असं बोललेलं ते शेवटचं.

सकाळी मी चहा ठेवला, हाक मारली. ती उठली नाही.

नवऱ्याआधी गेली, म्हणून बायकांनी हिरवं लुगडं मागितलं. वैशालीनं तेच काढून दिलं. दुपारी नदीवर ते तिच्याबरोबर गेलं. आता ते फक्त त्या चित्रात होतं, आणि तिथं विटलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं होती. कोणी काय बोलत होतं, मला नीट कळत नव्हतं. मी वैशालीला आतल्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "मशीन चालू कर."

"बाबा, आज?"

"तुझ्या सासूला उद्याचं बोलली होतीस. तो उद्या कालच होऊन गेला."

ती बसली. फोटोतली गंमत काढली, मग चित्र पुन्हा लावलं. डोळे पुसत होती, तरी हात चालू होता. चित्र तुकड्यातुकड्यानं भरत आलं. दोरीसकट पुरं झालं, अजून काळोखंच, तेव्हा शेवटची गंमत लावायच्या आधी मी तिला थांबवलं.

भिंतीकडची चंद्राची खुर्ची ओढली, मशीनसमोर आणली. मी पाटावर बसलो.

"आता लाव," म्हटलं. "एकदाच."