तांबड्या शाईनं खोडलेली चौकी

तांबड्या शाईचं पेन हातात आलं की मला फार बरं वाटायचं. आज हे सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी कोल्हापुरात एका सरकारी कार्यालयात होते. घाटाखालच्या लहान बंदरांच्या सुरक्षेसाठी अनुदान यायचं. ते कशावर खर्च करता येतं आणि कशावर नाही हे तपासून प्रस्तावावर शेरा मारायचा, हे माझं काम. बंदर मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आम्हाला पाणी म्हणजे पंचगंगा, नाहीतर रंकाळा. पण नियमांचं पुस्तक तोंडपाठ आहे, असं मी छातीठोकपणे सांगायची. कुंपण चालतं, दिवे चालतात, जनरेटर चालतो, त्याच्यावरचं छप्परही चालतं. पगार चालत नाही, खुर्ची चालत नाही, माणसाच्या सोयीचं काहीच चालत नाही.

नियमांवर माझा जीव होता आणि त्याला कारण होतं. आम्ही उचगावचे, वडील फाउंड्रीत मजूर. घरात देव्हारा नव्हता, फळीवर राज्यघटनेची प्रत होती. वडील म्हणायचे, "सायब काय म्हणतोय ते ऐकू नगंस. कागदावर काय हाय ते वाच." नव्वदच्या दशकात मला नोकरी लागली ती कागदावरच्या नियमानं. शिफारस करायला आमचं होतंच कोण? त्यामुळे "जरा जुळवून घ्या की मॅडम" असं कुणी म्हणालं की माझं टाळकं सरकायचं.

एका प्रस्तावात एक ओळ होती, पहारेकऱ्यासाठी चौकी. मी पट्टी धरून ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'अनुज्ञेय नाही'. पलीकडच्या टेबलावरचे हेडक्लार्क म्हणाले, "अहो, मग माणूस बसायचा कुठं?"

"ते पुस्तकात नाही," मी म्हणाले आणि डबा उघडला.

पुढच्या जुलैत झालेली कामं बघायला साहेबांनी मलाच पाठवलं. गगनबावड्याचा घाट उतरून जीप बंदरावर पोचली. कुंपण कागदावर होतं तसंच होतं, दिवे मोजून बरोबर भरले. जनरेटरला पक्का ओटा, वर नवा कोरा पत्रा. आणि त्या पत्र्याच्या पागोळ्यांखाली, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन, एक माणूस दगडावर बसून खोकत होता. तोच पहारेकरी. फौजेतून निवृत्त झालेले, गगनबावड्याकडचेच.

"आत का बसत नाही?" मी विचारलं.

"आत जनरेटर हाय की. धुरानं जीव जाईल." ते हसले, मग पुन्हा खोकले. "आमच्याकडं पाऊस काय कमी न्हाय मॅडम. पर घरी वर छप्पर असतंय. डाक्टर म्हणतोय, आणि एक पावसाळा असा काढलासा तर छाती जाईल. नोकरी सोडावी तर धाकटीचं नर्सिंगचं एक वरीस राहिलंय."

मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. तेवढ्यात तेच म्हणाले, "वर कोल्हापुरात कुणी सायबानं आमची चौकी खोडली म्हणं. त्यास्नी एकदा आणा की हितं. शिवी न्हाय द्यायचो. नुसतं ह्या दगडावर पाच मिन्टं बसवतो."

मी वही मिटली. जीपमध्ये येऊन बसले आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीवर आठ दिवस मला जेवण गेलं नाही. हेडक्लार्कांनी उपाय सुचवला, "चौकी जनरेटरच्या सुट्या भागांची खोली म्हणून दाखवा. कोण बघतंय?" मला ते पटेना. खोटं लिहून मिळवलेलं छप्पर उद्या माझ्यासारख्याच कुणीतरी येऊन काढून घेतलं असतं. मग मी पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी शेवटापासून. शेवटची परिशिष्टं यंत्रसामग्रीची म्हणून मी कधी वाचलीच नव्हती. तिथे जनरेटरच्या पानावर सरळ लिहिलं होतं, की त्यावर देखरेख ठेवणाऱ्यासाठी वेगळी, धुरापासून दूर, बंदिस्त जागा असावी आणि तिचा खर्च अनुदानातून करावा. तिथं देखरेखीला त्या खोकणाऱ्या माणसाशिवाय दुसरं होतंच कोण? वडील कागद वाच म्हणाले होते. अर्धाच वाच असं कुठं म्हणाले होते? मला माझाच राग आला, आणि आनंद तर इतका झाला की मी घरमालकिणीला जाऊन ते पान वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, तरी ती "बरं झालं की!" म्हणाली.

मी टिपणी लिहिली. आधीचा शेरा चुकीचा होता आणि तो माझा होता, हेही लिहिलं. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, फाइलवर स्वतःची चूक कुणी लिहितं का?"

"ते पुस्तकात नाही म्हणून लिहू नये, असंही पुस्तकात नाही," मी म्हणाले. ते कुरकुरले, पण सही केली.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा बंदरावर गेले. चौकी उभी होती. चार माणसं दाटीवाटीनं मावतील एवढीच, जनरेटरकडे खिडकी, आणि भिंतीला लागून सिमेंटचा कट्टा. खुर्ची चालत नाही, पण कट्टा बांधकामात येतो. पहारेकरी स्टोव्हवर चहा ठेवत होते. खोकला होता, पण अधूनमधून. धाकटी पास झाली होती.

मी दारातच उभी राहिले. "ते चौकी खोडणारे साहेब," मी म्हणाले, "ती मीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्टोव्ह बारीक केला, टॉवेलनं कट्टा पुसला आणि म्हणाले, "मंग बसा. पाच मिन्टं."

मी बसले. बाहेर पाऊस पत्रा फोडत होता. ते दारात उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते, अगदी फौजी शिस्तीत. पाच मिनिटं झाली तशी मान वर केली.

"झालं," ते म्हणाले. "आता च्या घ्या."