जोडाखालचा कागद

बाबांच्या पिकअपची टाकी लहान होती. रत्नागिरीहून मासळी आणताना वाटेत पंपावर रांग लागली की पेट्यांतला बर्फ वितळायचा. दोनदा मासळी नरमली, तेव्हा व्यापाऱ्याने सांगून टाकलं, पुन्हा उशीर झाला तर दुसरी गाडी बघतो. त्याच गाडीवर आमचं घर चालायचं.

म्हणून साकीनाक्याच्या मिस्त्रीकडे डिझेलची जादा टाकी बसवायला गेलो. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, हे बाबांनी त्याला पहिल्याच भेटीत ऐकवलेलं. तेव्हापासून मी त्याचा 'कॉलेज'. हा माणूस प्रत्येक वाक्याला "काय?" जोडतो आणि उत्तराची वाट बघत नाही.

टाकी बसली, पाइप जोडला, क्लिप आवळली, टाकीत डिझेल ओतलं. बाबा चावी घेऊन उठले.

"थांबा काका. घाई केली की वाट लागते, काय?" असं म्हणून त्याने जोडाखाली पांढरा कागद अंथरला आणि चहा मागवला.

चहा संपला तेव्हा कागदावर मोहरीएवढा डाग होता.

"एवढंसं तर आहे, मिस्त्री," मी म्हणालो.

"इथे एवढंसं. घाटात गाडी हादरली की पाइपच सुटेल. हे कॉलेजात नाही शिकवलं, काय?"

त्याने सगळं पुन्हा उघडलं. पाइपाचं टोक तिरकं कापलं गेलं होतं. "माझीच चूक," तो म्हणाला. इतक्या सहज चूक कबूल करणारं मी कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं. त्याने टोक सरळ कापलं, नवा कागद अंथरला, पुन्हा चहा मागवला. या वेळी कागद कोरा राहिला.

पुढच्या खेपेला बाबा रत्नागिरीहून एकाही पंपावर न थांबता आले. मासळी ताजी होती. काम आमच्याकडेच राहिलं.