तायडे साहेबांनी समुद्रात ठेवलेली वाट

मधुकरराव तायडे साहेबांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते मोताळ्याच्या आपल्या घरामागच्या हौदात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि एका फळीने पाणी ढकलत होते. समुद्रात काम केलेले एक अभियंते निवृत्त होऊन गावी आले आहेत, एवढ्या माहितीवर आमच्या दैनिकाने मला मुलाखतीला धाडले होते. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नसल्यामुळे या विषयाचा जाणकार म्हणून कुणालाही पाठवणे शक्य होते. हौदाच्या एका टोकाला वाळूचा उतार होता आणि मधोमध, पाण्याखाली, विटांची रांग. फळी हलली की लाट निघायची, विटांवर अडखळायची आणि वाळूपर्यंत पोहोचताना तिचा सगळा ताठा उतरलेला असायचा. साहेबांच्या पत्नी सुमनताई दारातून म्हणाल्या, "बसा पंडितजी. मले धुनं भिजवाचं हाय, पन हौदात समुद्र हाय."

मी संस्कृताचा विद्यार्थी. समुद्राला आमच्याकडे नावे भरपूर. त्याने नेलेली वाळू परत कशी आणावी, याबद्दल मात्र सगळे कोश गप्प आहेत. साहेबांनी मला तासभर समजावले. किनाऱ्यावर भिंत बांधली की लाट भिंतीवर आपटते आणि परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. त्याऐवजी किनाऱ्यापासून थोडे आत, पाण्याखाली, वाळू भरलेल्या प्रचंड पिशव्यांचा कृत्रिम खडक रचला, तर लाट तिथेच फुटते. "लाटीले अडवाचं नाही, पंडितजी," ते म्हणाले, "थकवाचं."

एवढे नीट ऐकूनही आमच्या संपादकीय विभागाने मथळा दिला, 'समुद्रात धरण बांधणारे मोताळ्याचे सुपुत्र'. पुढच्या आठवडी बाजारात वडनेर भोलजीच्या एका गृहस्थांनी साहेबांना गाठले. "साहेब, तुमच्या धरनाचं पानी आमच्या इकडं कवा येईन?" साहेबांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, "खारट हाय बाप्पा. कपाशीले नाही चालनार." मला मात्र त्यांनी एका शब्दाने दुखावले नाही. त्या दिवसापासून ते माझी ओळख 'आमचे धरणवाले पत्रकार' अशी करून देतात, एवढेच.

त्यांच्या कामाचे मोल कळायचे तर कोकणातल्या त्या लहानशा मासेमारी गावाची गोष्ट सांगायला हवी. तिथला किनारा वर्षानुवर्षे झिजत होता. होड्या ओढून ठेवायला, मासळी वाळवायला जागा उरत नव्हती. वरिष्ठांनी भिंतीचा आराखडा तयार केला होता. गावच्या बैठकीत नारायण तांडेल नावाचे जुने नाखवा उठून म्हणाले, "भिंत घातलात तर होडी खंय ओढू? तुमच्या कचेरीत?" साहेबांनी पाण्याखालच्या खडकाचा पर्याय मांडला. तांडेलांनी तोही नाकारला, कारण अखंड रांगेवरून ओहोटीला होडी कशी जाणार? आणि मध्ये सरळ फट ठेवली तर लाटही त्याच फटीतून आत शिरणार, पाण्याचा ओढा तयार होऊन वाळू बाहेर नेणार. तांत्रिक मंडळी इथे थांबली.

साहेबांना आठवली ती मोताळ्याची कुपाटी. आपल्याकडे शेताभोवती काटेरी कुंपण घालताना ये-जा करायची वाट सरळ ठेवत नाहीत. कुंपणाची दोन टोके एकमेकांपुढे ओढून वाकडी वाट ठेवतात; माणूस तिरपा होऊन जातो, जनावर थबकते. साहेबांनी खडकाचे दोन तुकडे केले, एक थोडा पुढे, एक थोडा मागे, आणि मधली वाट तिरपी ठेवली. वरिष्ठ हसले. "तायडे, समुद्राला काय म्हैस समजलात का?" साहेबांचे उत्तर अजून त्या कार्यालयात सांगितले जाते म्हणे: "म्हैस परवडली साहेब. ती हाकलली तर जाते."

हसत हसत का होईना, मंजुरी मिळाली आणि खडक रचला गेला; पण पहिल्याच पावसाळ्यात उधाणाने किनारा आणखी खाल्ला. भिंतीचा आराखडा पुन्हा टेबलावर आला. तो मंजूर झाला असता तर तांडेलांच्या गावाचा धंदाच उठला असता, आणि किनारा मोकळा ठेवण्याचा साहेबांनी गावाला दिलेला शब्दही मोडला असता. ते बदलीची वाट पाहू शकले असते. त्यांनी त्याच गावात खोली घेतली आणि वरिष्ठांकडून एक मोसम मागून घेतला. पावसाळी लाटा वाळू नेतात, शांत महिन्यांतल्या लाटा ती आणून टाकतात. आता त्या थकून येतील आणि टाकलेले परत उचलणार नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर निघाला. वाळू हळूहळू आली आणि पुढच्या पावसाळ्यानंतरही बरीचशी राहिली. भिंत बारगळली.

एवढ्या यशानंतर दुसऱ्या एका गावाने खडक मागितला, तेव्हा साहेबांनी नकार दिला. तिथे वाळूच येत नव्हती, नदीवरच्या धरणातच अडली होती. "जी वाळू येतच नाही, ती थांबवाची कशी?" ते म्हणाले. आपले औषध प्रत्येक रोग्याला न पाजणारे तज्ज्ञ मी तरी फार पाहिलेले नाहीत.

आता एक घरगुती ऋण. माझ्या आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. हे कळताच साहेब पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, गावात त्यांच्या सत्काराची तयारी चालू असताना, तिला स्वतः त्या गावी घेऊन गेले; मी सामान उचलायला होतो. किनाऱ्यावर त्यांनी आईचा हात धरला आणि घोटाभर पाण्यात उभे केले. आईने समोरचे सगळे पाणी नजरेने धुंडाळले. मग म्हणाली, "मधुकरभाऊ, तुमचं काम कुठी हाय? मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

"पान्याखाली हाय, आई. दिसत नसते ते."

"मंग सत्कार कायचा करून राह्यले लोक?"

साहेबांनी दुमडलेली पँट उगाचच आणखी एक घडी वर दुमडली. तो क्षण मी मनापासून उपभोगला. शेजारी म्हातारे तांडेल उभे होते. त्यांनी मागे बोट दाखवले. वळून पाहिले तर रुंद, कोरड्या वाळूवर होड्यांची रांग लागली होती आणि त्यांच्या पलीकडे उन्हात मासळी वाळत होती.

आई साहेबांना म्हणाली, "पुढच्या वर्षी अजून येऊ."

समुद्र घुसळून अमृत काढल्याची कथा आपण ऐकतो. साहेबांनी आयुष्यभर समुद्र शांत करण्याचाच उद्योग केला, तरी अमृतमहोत्सव त्यांना चुकला नाही. या प्रसंगी त्यांना उत्तम आरोग्य आणि सुमनताईंना रिकामा हौद लाभो. आईने पुढच्या वर्षीच्या प्रवासासाठी पिशवी भरून ठेवली आहे, आणि तिला त्यानंतरही अनेक वर्षे जायचे आहे. तेव्हा शतायुषी होण्यावाचून साहेबांना दुसरा मार्ग नाही.